अवकलजाचा अवकलज : चढत्या कोटीचे गणित यंत्राला कसे साधले?

ऑगस्ट १९६४. टोंकिनच्या आखातातील घटनांनंतर अमेरिकन काँग्रेसने राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांना व्हिएतनाममध्ये लष्करी कारवाईची मोकळीक दिली, तो हा महिना. याच महिन्यात ‘कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम’ या संगणकशास्त्राच्या नियतकालिकात ४६३ व्या पानावर एक लेख छापून आला. लांबी अवघी दोन पाने. लेखक आर. ई. वेंगर्ट, नोकरी जनरल इलेक्ट्रिक कंपनीत. आपल्या पद्धतीला त्यांनी शीर्षकातच ‘साधी’ म्हटले होते. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध असेल असे त्या वेळी कोणाच्या स्वप्नातही आले नसते. सहा वर्षांनी मात्र दोन्हींचे धागे एकाच इमारतीत येऊन पोहोचले.

वेंगर्ट यांच्यापुढचा प्रश्न दिसायला शाळकरी होता. एखादे फलन कागदावरील सूत्राच्या नव्हे, तर संगणकाच्या आज्ञावलीच्या रूपात दिलेले आहे; त्याचा अवकलज, म्हणजे बदलाचा तात्कालिक दर, यंत्रानेच कसा काढावा? स्थानाचा अवकलज वेग, वेगाचा अवकलज त्वरण. ही शिडी वर कितीही चढवता येते. दुसऱ्या, पाचव्या, विसाव्या कोटीचा अवकलज व्याख्येने अगदी सरळ असतो. त्याची किंमत अचूक काढणे हीच खरी अडचण.

त्या काळी, आणि पुष्कळ ठिकाणी आजही, रूढ असलेला मार्ग फरकाचा. फलनाची एका बिंदूवरील किंमत काढायची, किंचित पुढे सरकून पुन्हा काढायची, वजाबाकी करायची आणि सरकलेल्या अंतराने भागायचे. पाऊल जितके लहान तितके उत्तर अचूक, असे पाठ्यपुस्तक सांगते. यंत्राचा अनुभव उलटा आहे. संगणक ठरावीक अंकच लक्षात ठेवतो. आजच्या प्रचलित दुहेरी अचूकतेत सुमारे १६ सार्थ अंक मावतात. १९६४ मध्ये दबदबा असलेल्या आयबीएम ७०९४ सारख्या यंत्राच्या साध्या अचूकतेत जेमतेम ८. जवळजवळ सारख्या दोन संख्यांची वजाबाकी केली की पुढचे सारखे अंक एकमेकांना खाऊन टाकतात आणि हाती उरतो तो पूर्णांकनाचा गाळ. हत्तीवर बसलेल्या माशीचे वजन काढण्यासाठी हत्ती दोनदा तोलावा, तसा हा प्रकार.

पहिल्या कोटीपुरते हे निभावते. आजच्या यंत्रावर एकाचा दहा कोटीवा भाग एवढे पाऊल घेतले, तर सोळापैकी साधारण आठ अंक वाचतात. चौथ्या कोटीला मात्र भाजकात पावलाचा चौथा घात येतो. पाऊल एक दहाहजारांश घेतले, तर भाजक होतो दहाचा उणे सोळावा घात, म्हणजे यंत्राच्या पूर्णांकनाच्या चुकीएवढाच. चूक भागिले तेवढीच संख्या, बरोबर साधारण एक. उत्तरातला एकही अंक भरवशाचा उरत नाही. पाऊल मोठे करावे तर सूत्राचीच चूक वाढते. या कात्रीतून फरकाची पद्धत कधीच सुटली नाही, आणि कोटी जितकी वाढते तितकी ही कात्री आवळत जाते.

दुसरा मार्ग कागदी गणिताचा : यंत्राला अवकलनाचे नियम शिकवायचे आणि त्याच्याकडून सूत्रच लिहून घ्यायचे. १९५३ या एकाच वर्षी अमेरिकेतील दोन विद्यार्थ्यांनी, टेंपल विद्यापीठात हॅरी कहरिमानियन यांनी आणि एमआयटीत जॉन नोलन यांनी, पदव्युत्तर प्रबंधांतून नेमके हेच करून दाखवले. संगणक ही केवळ आकडेमोडीची चक्की नव्हे, त्याला चिन्हेही हाताळता येतात, याचे हे फार आरंभीचे पुरावे आहेत आणि इतिहासात त्यांना मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही. परंतु चढत्या कोटीला हा मार्गही धापा टाकू लागतो. सूत्र फुगत जाते.

किती फुगते? त्यासाठी एका धर्मगुरूकडे वळावे लागते. फ्रान्चेस्को फा दी ब्रूनो (१८२५–१८८८) हे तरुणपणी सार्डिनियाच्या सैन्यात अधिकारी होते. पुढे पॅरिसमध्ये कोशी यांच्यासारख्या गणितज्ञाच्या हाताखाली त्यांनी अध्ययन केले, तूरिनमध्ये घरकाम करणाऱ्या गरीब स्त्रियांसाठी संस्था उभारली आणि पन्नाशी ओलांडल्यावर धर्मदीक्षा घेतली. १९८८ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना ‘धन्य’ घोषित केले. उच्च कोटीच्या अवकलजांच्या सूत्राला नाव असलेला आणि चर्चच्या धन्यजनांत गणला गेलेला दुसरा गणिती सापडणे कठीणच! १८५५ मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेले सूत्र एका फलनात दुसरे फलन बसवले असता त्याचा कोणत्याही कोटीचा अवकलज कसा लिहावा, ते सांगते. वास्तविक हे सूत्र तत्त्वतः फ्रेंच गणितज्ञ आर्बोगास्त यांच्या १८०० सालच्या ग्रंथात आधीच होते. नाव मात्र फा दी ब्रूनो यांचे राहिले.

त्या सूत्रात दहाव्या कोटीला ४२ पदे येतात, विसाव्या कोटीला ६२७, शंभराव्या कोटीला १९,०५,६९,२९२. ज्यांना हे आकडे ओळखीचे वाटतील त्यांनी रामानुजन यांचे चरित्र वाचलेले असणार; हार्डी आणि रामानुजन यांनी १९१८ मध्ये ज्यांच्या वाढीचा वेध घेतला त्याच विभाजन-संख्या या. आणि हा पसारा फलनात फलन फक्त एकदा बसवल्यावरचा. खऱ्याखुऱ्या आज्ञावलीत अशी बसवाबसव हजारो वेळा होते.

वेंगर्ट यांनी दोन्ही वाटा सोडल्या. त्यांचे म्हणणे असे : कोणतेही फलन अखेर बेरीज, गुणाकार, भागाकार, ज्या, घात अशा मूलभूत पायऱ्यांचे बनलेले असते. प्रत्येक पायरीचा अवकलनाचा नियम माहीत आहे. मग प्रत्येक मधल्या राशीसोबत तिची किंमत आणि तिच्या अवकलजाची किंमत, अशी दोन संख्यांची जोडी पुढे सरकवत न्यावी. सूत्र लिहायचे नाही आणि वजाबाकीचा जुगारही खेळायचा नाही. शेवटच्या पायरीवर फलनाचे उत्तर मिळते, तेव्हा अवकलजही शेजारी तयार असतो, जवळजवळ यंत्राच्या पूर्ण अचूकतेसह. शृंखला नियम लायब्निझच्या काळापासून ठाऊक होता. वेंगर्ट यांनी तो सूत्रांऐवजी आकड्यांवर चालवला, एवढेच. पण या ‘एवढेच’मध्ये सगळे आले.

ही कल्पना प्रथम त्यांनाच सुचली असेही नाही. १९५९ मध्ये मॉस्कोत, बेसम या सोव्हिएत संगणकासाठी बेडा, कोरोल्योव, सुक्किख आणि फ्रोलोवा या चौघांनी स्वयंचलित अवकलनाच्या आज्ञावल्यांवर अहवाल लिहिला होता. (हे कोरोल्योव संगणकतज्ज्ञ, अग्निबाणवाले सर्गेई कोरोल्योव वेगळे.) शीतयुद्धाच्या दोन बाजूंना एकच गरज होती. पश्चिमेत वेंगर्ट यांच्या लेखाची दखल तत्काळ घेतली गेली : १९६५ मध्ये रिचर्ड बेलमन, हॅरिएट कागिवाडा आणि रॉबर्ट कलाबा यांनी त्याच नियतकालिकात ही पद्धत कक्षा-निर्धारणाला लावून दाखवली. आकाशात फिरणाऱ्या वस्तूची कक्षा मोजक्या निरीक्षणांवरून ठरवायची, तर अंशतः अवकलजांची रास लागते. १९६५ मध्ये अशा वस्तूंत सगळ्यांना रस का होता, ते वेगळे सांगायला नको.

संख्यांच्या या जोडीचा बीजगणिती चेहरा आणखी जुना आहे. इंग्रज गणितज्ञ विल्यम किंग्डन क्लिफर्ड यांनी १८७३ मध्ये अशा संख्यांचा विचार मांडला की ज्यांत एक चिन्ह, त्याला ‘ए’ म्हणू, स्वतः शून्य नाही पण त्याचा वर्ग शून्य आहे. त्यांना भूमितीतील हालचालींसाठी त्या हव्या होत्या; १८७९ मध्ये क्षयाने वयाच्या ३३ व्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला. आपल्या संख्या एके दिवशी अवकलनाचे यंत्र चालवतील, याची त्यांना कल्पना असणे शक्य नव्हते आणि वेंगर्ट यांनीही त्या तेथून घेतल्या नव्हत्या. पण हिशेब तोच आहे. (३ + ए) चा वर्ग करावा : ९ + ६ए, आणि ए-वर्ग शून्य म्हणून गळून पडतो. ९ ही वर्गाची किंमत, ६ हा त्याचा अवकलज.

आता चढत्या कोटीकडे. ए-वर्ग शून्य मानण्याऐवजी ए चा चौथा घात शून्य मानला तर? (३ + ए) चा घन होतो २७ + २७ए + ९ए-वर्ग + ए-घन. या सहगुणकांना अनुक्रमे १, १, २, ६ या क्रमगुणितांनी गुणले की मिळतात २७, २७, १८, ६ : घन, त्याचा पहिला, दुसरा आणि तिसरा अवकलज. एकाच गुणाकारात सगळे. विसावी कोटी हवी असेल तर २१ सहगुणक सोबत न्यावेत. दोन राशींच्या गुणाकाराचा नियम म्हणजे शाळेतला बहुपदींचा गुणाकार. घातांकी फलन किंवा ज्या-कोज्या आल्या तर प्रत्येक नवा सहगुणक आधीच्या सहगुणकांवरून एका छोट्या बेरजेने मिळतो. फा दी ब्रूनो यांची कोट्यवधी पदे येथे कोठेही लिहावी लागत नाहीत. श्रम कोटीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात, म्हणजे दुप्पट कोटीला साधारण चौपट.

हे सहगुणक म्हणजे ब्रूक टेलर यांच्या १७१५ मधील श्रेढीचेच सहगुणक. येथे माधवांचे नाव घ्यावेच लागते. ज्या आणि कोज्या यांच्या घात श्रेढी केरळच्या परंपरेत टेलर यांच्या सुमारे तीन शतके आधी ज्ञात होत्या. भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त ग्रहाच्या तात्कालिक गतीसाठी ज्येच्या सूक्ष्म बदलाचा आधार कोज्येत शोधला होता; त्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण्यात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. अभिमान जरूर बाळगावा. परंतु यावरून ‘स्वयंचलित अवकलन आपल्याकडेच होते’ अशी उडी मारणे म्हणजे बी दाखवून झाड विकणे होय. सामान्य सिद्धान्त, मूलभूत पायऱ्यांची कल्पना आणि त्या पायऱ्या न थकता चढणारे यंत्र या तिन्ही गोष्टी पुढच्या आहेत.

उच्च कोटीच्या अवकलजांची खरी भूक रॅमन मूर यांना होती. १९६२ मध्ये स्टॅनफर्डहून डॉक्टरेट मिळवणाऱ्या मूर यांना संगणकाच्या उत्तरावर विश्वास ठेवायचा नव्हता. त्यांना हमी हवी होती. म्हणून प्रत्येक संख्येऐवजी त्यांनी अंतराल वापरले : खरे उत्तर या दोन टोकांच्या दरम्यान निश्चित आहे, असे सांगणारी जोडी. अवकल समीकरण सोडवताना टेलर श्रेढी कोठेतरी तोडावी लागते आणि तोडलेल्या शेपटाची मर्यादा पुढच्या कोटीचा अवकलज ठरवतो. तो अवकलज फरकाच्या पद्धतीने काढला तर हमीचा अर्थच संपतो. मूर यांच्या १९६६ च्या ‘इंटरव्हल ॲनॅलिसिस’ या ग्रंथात म्हणूनच टेलर सहगुणकांचे पुनरावर्ती नियम मानाच्या जागी आहेत.

हा धागा पुढे विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसनला जातो. तेथील विद्यापीठात अमेरिकन लष्कराच्या पैशावर चालणारे गणित संशोधन केंद्र होते. लुई रॉल हे तेथील गणितज्ञ. तेथेच ॲलन रायटर यांनी सीडीसी १६०४ या संगणकासाठी टेलर सहगुणक आपोआप काढणारी आज्ञावली १९६७ मध्ये सिद्ध केली. युद्धविरोधी विद्यार्थ्यांच्या दृष्टीने मात्र ते केंद्र म्हणजे व्हिएतनाम युद्धाची विद्यापीठातली शाखा होती. २४ ऑगस्ट १९७० च्या पहाटे स्टर्लिंग हॉल या इमारतीजवळ स्फोटकांनी भरलेली गाडी उडवण्यात आली. निशाण्यावर वरच्या मजल्यांवरचे गणित केंद्र होते. जबर हानी झाली ती भौतिकशास्त्र विभागाची. रॉबर्ट फॅस्नॅक्ट नावाचा ३३ वर्षांचा भौतिकी संशोधक रात्रपाळीने प्रयोग करत होता. त्याचा लष्करी केंद्राशी कसलाही संबंध नव्हता. तो ठार झाला. मागे पत्नी आणि तीन मुले राहिली.

या विषयाच्या तांत्रिक इतिहासांत हा प्रसंग सहसा येत नाही, आणि युद्धविरोधी चळवळीच्या इतिहासांत टेलर सहगुणक येत नाहीत. दोन्हीकडचे मौन खटकते. बेसम, जनरल इलेक्ट्रिक, कक्षा-निर्धारण, लष्करी निधी : ही विद्या निर्वात पोकळीत वाढलेली नाही. तरीही रॉल आणि रायटर यांचे काम म्हणजे शस्त्र होते असे म्हणणे अतिशयोक्ती ठरेल. रॉल यांनी १९८१ मध्ये या विषयावर स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले आणि विखुरलेल्या युक्त्यांना एका शास्त्राचे रूप आले.

मधल्या काळात फिनलंडमध्ये सेप्पो लिन्नाइनमा यांनी १९७० च्या प्रबंधात शेवटाकडून सुरुवातीकडे चालणारी उलटी पद्धत मांडली होती. आजची सारी न्यूरल जाळी तिच्यावर शिकतात, त्यामुळे तिची गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. ती पहिल्या कोटीची सम्राज्ञी आहे. चढत्या कोटीचे नायक वेगळे.

त्यांतले एक मार्टिन बर्झ. कण-त्वरकात प्रोटॉन एकाच वळशाने लाखो-कोट्यवधी वेळा फिरतो आणि एका फेरीतला अतिसूक्ष्म अरेषीय परिणाम साठत साठत त्याला भिंतीवर नेऊन आपटू शकतो. एका फेरीचे गणित पाचव्या, दहाव्या कोटीपर्यंत माहीत नसेल तर यंत्राचा आराखडाच डळमळीत. १९८० च्या दशकाच्या अखेरीस बर्झ यांनी अनेक चलांच्या टेलर श्रेढींचे बीजगणित या कामाला जुंपले. त्या वेळी अमेरिकेत टेक्सासमधील ८७ किलोमीटर परिघाच्या महात्वरकाची स्वप्ने रंगत होती. १९९३ मध्ये काँग्रेसने तो प्रकल्पच रद्द केला, बोगदे अर्धवट राहिले; बर्झ यांची पद्धत मात्र मिशिगन स्टेट विद्यापीठातील ‘कोझी इन्फिनिटी’ या आज्ञावलीतून पुढे चालू राहिली.

मूर यांच्या अंतरालांनाही उशिरा का होईना मोठा मान मिळाला. हवामानाच्या अभ्यासातून एडवर्ड लॉरेंझ यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या तीन समीकरणांचा तो प्रसिद्ध फुलपाखरी आकार खरोखर अस्तित्वात आहे, की तो केवळ संगणकाच्या पूर्णांकनाचा भास? स्टीव्हन स्मेल यांनी नव्या शतकासाठी काढलेल्या १८ प्रश्नांच्या यादीत हा चौदावा होता. स्वीडनमधील वॉरविक टकर यांनी अंतराल गणित आणि, उगमबिंदूजवळ, उच्च घातांच्या श्रेढी वापरून तो सोडवला. ज्या पूर्णांकनावर संशय होता, त्यालाच टोकांमध्ये बांधून सिद्धता पूर्ण झाली.

चलांची संख्या वाढली की मिश्र अवकलजांचे जंजाळ वाढते. त्यावर अँड्रियास ग्रिवांक, जाँ उत्के आणि अँड्रिया वाल्थर यांनी २००० मध्ये काढलेला तोडगा आठवीच्या मुलालाही आवडेल. (अ + ब) च्या वर्गातून अ-वर्ग आणि ब-वर्ग वजा केले की दुप्पट अब उरतो. तसेच निरनिराळ्या दिशांनी सरळ रेषेत काढलेल्या एकचल टेलर श्रेढी योग्य तऱ्हेने एकत्र केल्या की सर्व मिश्र अवकलज हाती येतात. ग्रिवांक यांनीच जॉर्ज कॉर्लिस यांच्यासह जानेवारी १९९१ मध्ये कोलोरॅडोतील ब्रेकनरिज येथे झालेल्या पहिल्या कार्यशाळेचे शोधनिबंध संपादित केले होते. वेंगर्ट यांच्या लेखाला तेव्हा २६ वर्षे उलटून गेली होती.

राहिली एक गंमत. चढत्या कोटीसाठी आणखी एक वाट सहज सुचते : अवकलन करणारी आज्ञावली स्वतःच एक आज्ञावली आहे, मग तिचेच पुन्हा अवकलन का करू नये? तत्त्वतः करता येते. पण दहा वेळा असे एकात एक घातले की प्रत्येक राशीमागे १,०२४ संख्या वाहाव्या लागतात, जेथे श्रेढीला ११ पुरतात. आणि दुसरा धोका अधिक कपटी आहे. २००५ मध्ये जेफ्री सिस्किंड आणि बराक पर्लमटर यांनी एक उदाहरण दिले. (क्ष + य) चा य-सापेक्ष अवकलज घ्यावा. तो १ आहे. त्याला क्ष ने गुणून क्ष-सापेक्ष अवकलज घ्यावा. उत्तर पुन्हा १. भोळेपणाने लिहिलेली आज्ञावली मात्र २ असे उत्तर देते, कारण आतल्या आणि बाहेरच्या अवकलनाचा ‘ए’ ती एकच समजते आणि दोघांचे हिशेब एकाच खात्यात मांडते. यंत्र थांबत नाही, इशारा देत नाही. उपाय म्हणून प्रत्येक अवकलनाच्या ‘ए’ला स्वतंत्र खूण द्यावी लागते.

२०१९ मध्ये जेसी बेटनकोर्ट, मॅथ्यू जॉन्सन आणि डेव्हिड ड्युव्हनॉड यांनी गूगलच्या ‘जॅक्स’ या यंत्रशिक्षणाच्या साधनात उच्च कोटीच्या अवकलजांसाठी टेलर श्रेढीची पद्धत आणली. एकात एक अवकलन घालण्याचा घातांकी खर्च टाळणे, हाच त्यांचा हेतू. त्यातला सहगुणकांच्या गुणाकाराचा नियम मूर यांच्या १९६६ च्या ग्रंथातील नियमाहून वेगळा नाही.